मच्छिंद्राची तबकडी आणि आमचे यंत्र

सुज्ञ वाचकहो, एक लहानशी तबकडी एका जुन्या यंत्रावर वाजविण्याचा आम्ही संकल्प केला, आणि त्यापायी एक कर्णा, एक संसार, एक ग्रामपंचायत व अस्मादिकांची अब्रू यांची जी ओढाताण झाली, तिचा साद्यंत वृत्तांत पुढे यथाशक्ती कथन करण्यात येत आहे. त्यात अतिशयोक्ती नाही. जेथे आमची आठवण अपुरी पडली तेथे आमच्या कुटुंबास विचारून खात्री करून घेतली. आणि जेथे त्यांचे सांगणे आमच्या विरुद्ध गेले, तेथेही ते तसेच ठेविले आहे.

सन एकोणीसशे एकाहत्तरची दिवाळी नुकतीच उलटली होती. आम्ही शेवगावच्या बाजार आवारात तोलार आहो. त्या दिवशी वजने-मापे उरकून, गावी परतून, हातपाय धुऊन आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलो असता शेजारच्या बायडाआत्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या. बायडाआत्या ह्या वयाने आमच्या मातोश्रींच्या बरोबरीच्या. आम्हांस त्यांनी उघडे-नागडे पाहिलेले असल्यामुळे आमच्या हुद्द्याचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही.

"गहिन्या, हाईस का घरात?"

"या आत्या, बसा."

"बशीन मंग. आदी ह्ये लाव."

त्यांनी पदराखालून एक पुडके काढले. दोन पुठ्ठे, त्यांच्या आत एक जुना मफलर, आणि मफलरच्या आत एक काळी तबकडी.

"हे काय आहे?"

"माझा मच्छ्या हाय त्यात."

मच्छिंद्र हा आत्यांचा एकुलता पुत्र. वडील वारल्यावर तो लहानपणीच मामाबरोबर मुंबईस गेला व तिकडे गिरणीत लागला. पुढे गिरणीतील भजनी पार्टीत तो गाऊ लागला, एवढे आमच्या कानी होते. परंतु गावी येई तो दोन दिवसांपुरता, आणि गाण्यास सांगितले तर "गळा बसलाय" म्हणून तंबाखू मळीत बसे. सोबतची चिठ्ठी आम्हीच वाचून दाखविली. तीत लिहिले होते की, आई, मढीच्या कानिफनाथांचे माझे पद रेकॉर्डवर निघाले आहे. एका बाजूस मी आहे, दुसऱ्या बाजूस आमच्या पार्टीतल्या बाई आहेत. गहिनीनाथदादाच्या फोनोवर ऐक. मला एवढी एकच प्रत मिळाली आहे, तरी जपणे.

"आन् लवकर लाव," आत्या म्हणाल्या. "देवळाली प्रवऱ्याला माझ्या लेकीचे, गोजरचे दिवस भरत आलेत. जावयाचा सांगावा आलाय दोनदा. पर मी सांगितलंय, आदी माझ्या लेकाचं ऐकीन, मंगच एष्टीत बसंन. तिथं कुनाकडं हाय फोनो?"

गावात फोनो एकट्या आमच्याकडे होता, हे येथे नम्रपणे नमूद करणे भाग आहे. तो आम्हांस श्वशुरांनी लग्नात दिला. शिसवी पेटी, बाजूस चावी, आणि वर कमळासारखा उमललेला पितळी कर्णा, जो आमचे कुटुंब, सौ. चांगुणा, दर दसऱ्यास चिंचेने घाशीत. गावातील कित्येक लग्ने त्या कर्ण्याखाली लागली. आम्हांस मान होता तो फोनोमुळे; आमच्यामुळे फोनोस किती होता, हे सांगता येत नाही.

आम्ही चावी भरली. तबकडी उचलली. आणि पाहतो तो तिच्या मध्यभागी एवढे थोरले भोक, की फोनोची मधली खुंटी त्यात विहिरीत काठी उभी करावी तशी दिसू लागली.

आत्या वाकून म्हणाल्या, "आगं बया! मधलं कुनी काढून घेतलं? पोस्टातल्यांनी खाल्लं आसंल!"

तबकडीच्या कागदावर एक आकडा मात्र ठळक होता. पंचेचाळीस. आम्ही तो मोठ्याने वाचला.

"कुनी लिवलं पंचेचाळीस?" आत्या उसळल्या. "माझा मच्छ्या आजून तिशीत हाय. मुंबैवाल्यांनी म्हातारा केला त्येला!"

तेवढ्यात आवाज ऐकून गनीभाई आले. गनीभाईंचे समोर सायकलचे दुकान आहे, आणि जगात जे जे फिरते ते ते सर्व आपल्या अखत्यारीत येते, असा त्यांचा समज आहे. त्यांनी खिशातून सुपारी काढून त्या भोकातून खाली टाकली, ती खाली पडलेली पाहिली, व निर्णय दिला.

"लवांडेभाऊ, चाक हाय. चाकाला बुश लागनार. कानिफ सुताराकडनं बाभळीची चकती करून घ्या, मधी बारीक छिद्र. हाय काय आन् न्हाई काय."

"आणि तो पंचेचाळीस?"

"गान्याचा नंबर आसंल. बसला लिवत्यात तसा."

चकती झाली. कानिफनाथ सुतार कामात वाकबगार, परंतु चकतीचे छिद्र थोडे एका अंगाला सरले होते. "देवाच्या गान्याला चालतंय," तो म्हणाला. चकती बसली, तबकडी बसली, आम्ही कर्ण्याची मान वाकवून पोलादी सुई टेकविणार, एवढ्यात गनीभाईंनी आमचा हात धरला. त्यांनी तबकडीच्या कडेवर आपले नख ओढून दाखविले. नखाचा ओरखडा उठला.

"बघा. ह्ये फोनोच्या जुन्या तव्यावानी न्हाई, लई नाजूक माल हाय. ह्येच्यावर तुमचा खिळा फिरवला, तं मच्छिंद्राचं गानं भुशावानी खाली पडंल."

आत्यांनी तबकडी झडप घालून उचलली व छातीशी धरली. मग त्या आमच्या फोनोकडे जे पाहू लागल्या, तसे आजवर कोणी पाहिले नव्हते.

"तुजा फोनो म्हातारा झाला रं, गहिन्या."

वाचकहो, हे वाक्य त्या ओसरीवर राहिले असते तर आम्ही गिळले असते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक येऊ लागले. येत, चप्पल काढीत, भिंतीस टेकून बसत, आणि मग उसासा टाकून विचारीत, "कसं झालं हो एकाएकी? दिवाळीत तर चांगला वाजत होता." कोणी फोनोच्या वयाची चौकशी केली. कोणी म्हणाले की सुटला बिचारा, आता त्याच्या जोडीचे जुने तवेही मुंबईत निघेनासे झाले आहेत. वजन काट्यावरही एका शेतकऱ्याने कपाशीचे बाचके ठेविता ठेविता आमचे सांत्वन केले. सर्वांस चहा द्यावा लागला. तिसऱ्या खेपेस सौ. चांगुणांनी आतून विचारले, "आवं, दहावं कधी घालायचंय?"

त्याच संध्याकाळी आम्ही बायडाआत्यांच्या अंगणात उभे राहून चारचौघांदेखत म्हणालो, "आत्या, हे गाणे तुम्ही ऐकाल, आणि आमच्याच हातून ऐकाल. त्यावाचून तुम्हांला देवळालीस जाऊ देणार नाही."

आत्या म्हणाल्या, "मी बी जात न्हाई."

अशा प्रकारे एका गरोदर स्त्रीचे भवितव्य आमच्या शिरी आले.

नगरास एक दुकानदार जुनी यंत्रे घेऊन विजेची नवी देतो, अशी माहिती गनीभाईंनी पुरविली. फोनो न्यावयाचा म्हणताच सौभाग्यवतींनी पेटीवर हात ठेविला.

"माज्या बापानं दिलाय."

"आम्ही फक्त दाखविण्यास नेतो."

"दाखवा. पेटी दिली तर एक येळ दिली. भोंगा माजा हाय, भोंगा परत आला पायजे."

आम्ही शब्द दिला. नगरच्या दुकानदाराने पेटीकडे ढुंकूनही पाहिले नाही. तो म्हणाला, "पेटीचं काय लोणचं घालू? भोंगा द्या. एका हॉटेलवाल्याला दरवाज्यावर लावायचाय." त्याने पुढे जे यंत्र ठेविले ते दोन पाटांएवढे, निळ्या रंगाचे, वापरलेले परंतु डौलदार होते. वर फिरते तबक, बाजूस हलकी दांडी, व कडेस एक खटका, ज्यापुढे चार आकडे कोरलेले: सोळा, तेहतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर.

"आकड्यांचं समजतं ना, साहेब?" दुकानदाराने विचारले.

त्या वेळी दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती, व तीही आमच्याकडे पाहत होती. आम्ही उत्तर दिले, "आम्ही अनेक वर्षे फोनो बाळगून आहो." दुकानदार यंत्राची वायर गुंडाळू लागला. ज्या ज्या ठिकाणी मनुष्याने एक प्रश्न विचारावा, त्या त्या ठिकाणी त्याची प्रतिष्ठा आडवी येते, हा विचार आम्हांस परतीच्या वाटेवर सुचला. परंतु त्यावेळी एसटी सुटली होती.

त्या एसटीत आमच्या मांडीवर नवे यंत्र व पायांशी कर्णा नसलेली पेटी पाहून वाहकाने विचारले, "ह्ये काय वाजतं का?"

"हे वाजेल. ते वाजत नाही."

"मंग वाजनाऱ्याचं सामानाचं तिकीट. न वाजनारं पायाखाली घ्या, लोकं पडत्याल."

घरी आल्यावर सौ. चांगुणांनी प्रथम आमचे दोन्ही हात पाहिले, मग आमच्या पाठीमागे पाहिले, मग रस्त्यापर्यंत जाऊन पाहिले. परत येऊन त्या चुलीपुढे बसल्या. जेवणास भाकरी व ठेचा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही फोनोची पेटी उघडली, तर तीत कांदे भरून ठेविलेले होते. आम्ही ते तसेच राहू दिले. माहेरचा कर्णा गेलेल्या स्त्रीस कांद्यांचा प्रश्न कोणत्या तोंडाने विचारावा?

नव्या यंत्राची वायर दिव्याच्या जागी लावताच तबक गरगर फिरू लागले. बायडाआत्यांनी हात जोडले. परंतु गनीभाईंनी यंत्र उचलून वर, खाली, चहूबाजूंनी न्याहाळले, व ते खाली ठेविले.

"लवांडेभाऊ, ह्येला तोंडच न्हाई."

आणि खरोखरच ते नव्हते. फोनोस कर्णा असतो, रेडिओस जाळी असते. ह्या यंत्रास फिरण्यापलीकडे काहीच येत नव्हते. त्याच्या पाठीतून एक बारीक दोरी निघाली होती आणि तिच्या टोकास दोन टोचे होते. गनीभाईंच्या मते हे टोचे मोठ्या रेडिओच्या पाठीत खुपसावयाचे असतात, म्हणजे गाणे यंत्रात उगवते व रेडिओत फळते. आमच्या घरी ट्रान्झिस्टर होता. त्याच्या पाठीत भोके नव्हती. गनीभाईंनी पाडून देण्याची तयारी दर्शविली, परंतु सौ. चांगुणांनी ट्रान्झिस्टर उचलून कांद्यांमध्ये ठेविला.

आम्हांस त्या रात्री वाटून गेले की यंत्रांची सोयरीक ही माणसांच्या सोयरिकीहून अवघड आहे. माणसांचे गुण न जुळले तरी संसार होतो. आमचाच होतो आहे. यंत्रे मात्र एका भोकासाठी अडून बसतात.

पाठीस भोके असलेला मोठा रेडिओ गावात एकच, तो ग्रामपंचायतीचा. सरपंच श्रीमंतराव चावडीच्या ओट्यावर पानाला चुना लावीत बसले होते. आम्ही लेखी अर्ज सादर केला. त्यात आम्ही मातृहृदयाची तळमळ, कलेचे महत्त्व व विजेच्या युगातील खेड्यांचे कर्तव्य यांचे विवेचन केले होते. सरपंचांनी तो ग्रामसेवकाकडे दिला. ग्रामसेवकाने तो शेवटपर्यंत वाचला व विचारले, "आन् ह्यात पायजे काय तुमाला?"

"रेडिओ."

"कुठंशी लिवलंय?"

आम्ही अर्ज पाहिला. ते लिहावयाचे राहून गेले होते.

"रेडिओ गावाचा हाय," सरपंच म्हणाले. "सरहद्दीवर रोज काय ना काय चाललंय. बातम्यांच्या टायमाला लोकं इथं उभी ऱ्हात्यात. तुमी कुनाचं गानं लावायला घरी न्याल, तर उद्या दुसरा त्याच्या मेव्हन्याचं लावंल."

"सरपंच, पद कानिफनाथांचे आहे."

श्रीमंतरावांनी पान तोंडात घातले व विचार केला. "नाथांचं हाय? मंग ते भजनात बसतंय. पर रेडिओ हितनं हलनार न्हाई. तुमचं यंत्र हितं आना. रविवारी, बाजाराच्या दिवशी, बातम्यांच्या आत उरका. आन् गानं साऱ्या गावाला ऐकू गेलं पायजे. गावाच्या रेडिओवर एकट्या बाईचं गानं चालनार न्हाई."

एका मातेने ओसरीवर बसून ऐकावयाचे गाणे असे भर बाजारात आले. बायडाआत्यांस आम्ही भीतभीतच सांगितले. त्या म्हणाल्या, "बाजारात तर बाजारात. मच्छ्याला काय लाज हाय?"

रविवार उजाडला. आम्ही आत्यांकडे तबकडी आणावयास गेलो, तर ती देव्हाऱ्यात होती. आत्यांनी पहाटे तिला दुधाने न्हाऊ घातले होते, दोन्ही अंगांस हळदीकुंकू वाहिले होते, वर अक्षता टाकल्या होत्या, आणि भोकात झेंडूचे फूल उभे केले होते.

"आत्या, हे काय केलेत!"

"नवी वस्तू आन् नाथाचं गानं. पूजा न्हाई करायची?"

काट्यावर नवे माप आले की आम्ही स्वतः त्यास कुंकू लावतो. सौ. चांगुणांनी, कर्ण्याचा विषय तात्पुरता बाजूस ठेवून, तबकडी रिठ्याच्या पाण्याने व मलमलच्या फडक्याने धुऊन काढली. हळद गेली, कुंकू गेले, आणि दोन्ही अंगांवरील गोल कागदही गेले. आता मच्छिंद्र कोणत्या बाजूस आणि पार्टीतील बाई कोणत्या बाजूस, हे सांगण्यास जगात काहीच उरले नाही.

"एक न्हाई तर दुसरी," गनीभाई म्हणाले. "दोनच तर हाईत."

चावडीपुढे बाजार भरला होता. वांगीवाली तागडी तशीच सोडून आली, बैल विकावयास आणलेले लोक बैलांसह उभे राहिले. सरपंच खुर्चीवर बसले. बायडाआत्यांस ओट्यावर रेडिओच्या अगदी समोर घोंगडी अंथरून दिली होती. त्यांनी नवे लुगडे नेसले होते. शेजारी त्यांचे गाठोडे होते, कारण संध्याकाळच्या एसटीने त्यांस निघावयाचे होते.

चावडीच्या भिंतीतील विजेची भोके तीन व मोठी, आमच्या वायरीचे दात दोन व बारीक. गनीभाईंनी दात कापून टाकले, तारा सोलल्या, त्या उघड्याच भोकांत घातल्या व आगपेटीच्या काड्यांनी घट्ट केल्या. "हालू नका कुनी," ते म्हणाले, व काड्यांजवळ पहाऱ्यास उभे राहिले. दोरीचे टोचे रेडिओच्या पाठीत बसले. रेडिओ हुंकारला. बाभळीची चकती बसली, तबकडी बसली.

राहता राहिला खटका.

वाचकांपासून काही लपवून ठेवण्याचा आमचा स्वभाव नाही. आम्ही त्या चार आकड्यांचा पुष्कळ विचार केला होता. आमच्या जुन्या फोनोवर अठ्ठ्याहत्तर हाच अंक कोरलेला होता व आयुष्यभर आम्ही त्यावरच वाजविले. तेव्हा खालचे आकडे विजेची काटकसर करणाऱ्यांसाठी असावेत, हे उघड होते. दिव्यातही कमी व जास्त उजेडाचे येतातच. आज सरपंच बसलेले, गाव जमलेले, आत्या नवे लुगडे नेसून आलेल्या. अशा प्रसंगी पंचेचाळिसावर भागविणे आम्हांस हलकेपणाचे वाटले. आम्ही खटका अठ्ठ्याहत्तरवर नेला आणि दांडी टेकविली.

प्रथम टाळ वाजले, परंतु ते असे की जणू टाळकऱ्यांच्या मागे कुत्रे लागले होते. त्यापाठोपाठ मृदंग दुडूदुडू धावला. आणि मग रेडिओच्या जाळीतून एक कोवळा, किनरा, टिपेचा आवाज उसळून बाहेर आला, "मढीच्या नाथा, ये रे धावूनी." चकती एका अंगाला सरलेली असल्यामुळे तो आवाज मधूनमधून हेलकावे खात होता.

सारा बाजार हशाने फुटला. वांगीवाली पदर तोंडात कोंबून खाली बसली. कोणी ओरडले, "आरं, ही बाईची बाजू हाय! पलटा, पलटा!" दुसरा म्हणाला, "बाई कसली, शेळी हाय!" सरपंचांनी खुर्चीवरून आमच्याकडे पाहिले. त्या दृष्टीत रेडिओ, भजन व आमचा अर्ज या सर्वांविषयी पश्चात्ताप होता. आमच्या कानांच्या पाळ्या तापल्या. सौ. चांगुणा गर्दीत होत्या; त्या तेवढ्या हसत नव्हत्या, व त्यामुळे आम्हांस अधिकच मेल्याहून मेल्यासारखे झाले. आम्ही तबकडी पलटण्यासाठी घाईने हात पुढे केला.

आमचे मनगट कोणीतरी धरले.

"हात लावू नगंस," बायडाआत्या म्हणाल्या. "मच्छ्या हाय."

"आत्या, ही बाईची बाजू लागली आहे. आम्ही पलटतो."

"मी वळखीत न्हाई व्हय?" त्या रेडिओपासून दृष्टी न काढता म्हणाल्या. "मामासंगं गेला तवा असाच हुता. मोटेवर बसून ह्येच म्हनायचा. 'नाथा' म्हनताना आवाज कसा वर चढतोय बग. चढतो का न्हाई?"

आवाज चढत होता. आत्यांनी आमचे मनगट सोडले नव्हते. गर्दीतील पुढच्या काही बायका हसावयाच्या थांबल्या.

एवढ्यात गनीभाई काड्यांजवळून धावले. कोणा बैलाने शेपटी हाणून वायर हलविली होती. ती सावरण्यास ते वाकले आणि त्यांचे कोपर यंत्राच्या कडेवर आपटले. खटका एक घर खाली सरकला. रेडिओतील आवाज घसरत, घसरत, वयात येत, येत, एकदम भरदार पुरुषाचा झाला. टाळ जागच्या जागी पडू लागले, मृदंगास वजन आले, आणि कमावलेल्या गळ्याचा एक गृहस्थ धीमेपणाने कानिफनाथांस आळवू लागला.

"वा!" सरपंच म्हणाले.

"मच्छिंद्र! मच्छिंद्रच की!" बाजार ओरडला. "काय गळा हाय!" वांगीवाली उठून उभी राहिली. बैल विकणाऱ्यांनी टोप्या सारख्या केल्या. गनीभाईंनी खटक्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि ते फार मोठ्या मनाने पुन्हा काड्यांजवळ जाऊन उभे राहिले. पंचेचाळीस. आम्हांस तो आकडा त्या दिवशी प्रथमच नीट दिसला. आमची अब्रू, निदान सरपंचांपुरती, परत येत होती, व आम्ही घसा साफ करून गावाकडे तोंड केले.

पद संपले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. बायडाआत्या शेवटपर्यंत निश्चल ऐकत बसल्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसले व आम्हांस जवळ बोलाविले.

"बाप्या चांगला गातोय रं. कुनाचा हाय ह्यो?"

आम्ही म्हणालो, "आत्या, हाच मच्छिंद्र. मघाशी आमची चूक झाली. खटका चुकीच्या आकड्यावर होता, म्हणून आवाज तसा आला. हाच खरा."

"आसंल," आत्या म्हणाल्या. "ह्यो मुंबैचा आसंल. चांगला हाय, देव त्येला औक्ष देवो." मग त्यांनी गाठोडे मांडीवर ओढून घेतले. "आता माजा लाव."

सरपंच मनगटावरील घड्याळाकडे पाहू लागले. बातम्यांची वेळ होत आली होती. सबंध बाजार पाहत होता की लवांडे आता काय करतात. बरोबर आकडा सापडल्यावर पुन्हा चुकीचा लावणे म्हणजे आपल्या हाताने आपली शोभा करून घेणे, हे लहान पोरासही कळले असते. आम्ही सौ. चांगुणांकडे पाहिले. कर्णा गेल्यापासून त्या आमच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"आवं, लावा की," त्या म्हणाल्या. "बगता काय?"

आम्ही खटका अठ्ठ्याहत्तरवर नेला.

पुन्हा टाळकऱ्यांच्या मागे कुत्रे लागले, मृदंग दुडूदुडू धावला, आणि ते पोर टिपेच्या आवाजात नाथांस हाका मारू लागले. मागे कोणी खुदकन हसलेच. आत्यांनी मान वळवून त्या बाजूस एकदा पाहिले, आणि पुढे हसण्याचा आवाज आला नाही. त्या हाताने मांडीवरील गाठोड्यावर ताल धरून होत्या. तो त्या पळत्या मृदंगाशी बरोबर जुळत होता, हे आम्ही तोलार असल्यामुळे आमच्या लक्षात आले.

इतक्या वेगाने फिरणारे पद लवकर संपते. ते संपले. दांडी खरखरू लागली.

आम्ही ओशाळून म्हणालो, "आत्या, ह्या आकड्यावर थोडक्यात आटोपते."

आत्या गाठोडे काखेस मारून उठल्या.

"तवा बी असाच हुता," त्या म्हणाल्या. "पुरतं गानं कधी म्हनला न्हाई. निम्म्यातनंच खेळाया पळायचा."

एवढे सांगून त्या एसटीच्या थांब्याकडे गेल्या, आणि सरपंचांनी बातम्या लावल्या.

येणेप्रमाणे जे घडले ते लिहिले. आपला बहुमोल वेळ खर्चून ज्यांनी हे शेवटपर्यंत वाचले, त्या सर्व वाचकांचा, सुताराच्या चकतीसारख्या एका अंगाला सरलेल्या ह्या लेखणीच्या वतीने, मनःपूर्वक ऋणी असलेला,

गहिनीनाथ भाऊराव लवांडे,
तोलार